प्लॅटियाची लढाई, नईमच्या गच्चीवर

बहारीनहून परत आल्यावर वसईतल्या लोकांनी मला दोनच प्रश्न विचारले. सोनं किती आणलंत, आणि तिकडे फार उकडतं का. सोनं आणलं नाही. आणि डिसेंबरात तिथे उकडत तर नाहीच, उलट समुद्रावरून असा गार वारा सुटतो की बहिणीने पहिल्याच दिवशी नवऱ्याचा स्वेटर माझ्या अंगात चढवला. कोणी तिसरा प्रश्न विचारला असता तर मी सांगितलं असतं की मी तिथे एक लढाई लढून आलो, आधी एका बाजूने आणि मग दोन्ही बाजूंनी. कोणी विचारलं नाही, म्हणून लिहितो आहे.

मी सव्वीस वर्षं वसईच्या एका मराठी शाळेत इतिहास शिकवतो. नाव बेनेडिक्ट, मुलं बेनू मास्तर म्हणतात. धाकटी बहीण सिसिल बहारीनला एका हॉस्पिटलात नर्स आहे, तिचा नवरा बस्त्याव एका हॉटेलच्या कोठारात काम करतो, आणि त्यांची मरीना तेव्हा तेरा वर्षांची होती. कुवेतची लढाई संपून जवळजवळ तीन वर्षं झाली होती. सिसिलने पत्रात लिहिलं होतं: "बेनूदादा, इथली मराठी माणसं डिसेंबरातल्या एका शुक्रवारी जमतात. यंदा नाटक आमच्या गळ्यात पडलंय. तू येतोच आहेस, तर बसवून दे." मी सुकेळी, सुके बोंबील आणि दोन कोऱ्या वह्या घेऊन विमानात बसलो. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने सुकेळीचा पुडा उघडून वास घेतला, एक तोंडात टाकली, दुसरी शेजारच्याला दिली आणि मला "यल्ला, यल्ला" म्हणत पुढे घातलं. देशाविषयी माझं मत तिथेच चांगलं झालं.

नईम

नईम ही राजधानी मनामाची जुनी वस्ती. गल्ल्या अरुंद, घरं एकमेकांना टेकलेली, खाली शिंपी, न्हावी, इस्त्रीवाला, आणि वर आमच्यासारखी भाडेकरू कुटुंबं. सिसिल तिसऱ्या मजल्यावर राहायची. तळमजल्यावर हाजी अब्बास यांची भट्टी होती आणि इमारतही त्यांचीच होती.

पहाटे चार वाजता भट्टी पेटायची. जमिनीत पुरलेल्या मडक्यासारखा तंदूर, त्याच्या आतल्या भिंतीवर हाजी उशीसारख्या गादीने पोळी थापायचे आणि मिनिटभरात लांब आकड्याने ओढून काढायचे. ही गरम खबूस वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेईपर्यंत अर्धी संपते. पहिल्या सकाळी हाजींनी माझ्या खबूसवर बाटलीतून तपकिरी, पातळ काहीतरी शिंपडलं आणि माझ्या तोंडाकडे पाहत उभे राहिले. वास आला आणि माझे डोळे भरून आले. ती मासळी होती, महिनोन्महिने मुरवलेली. तिला महियावा म्हणतात. इराणच्या किनाऱ्यावरून आलेल्या लोकांनी ती बहारीनला आणली. बस्त्याव पंधरा वर्षांत तिच्या जवळ गेलेला नाही. मी वसईचा, सुक्या बोंबलांवर वाढलेला. मी दुसरी मागितली.

"उस्ताद अपना आदमी है," हाजी म्हणाले. त्या दिवसापासून ते मला उस्ताद म्हणायला लागले.

तिथली सुट्टी शुक्रवारी. आमचे कॅथलिक लोक रविवारची मिस्सा शुक्रवारी ऐकतात आणि रविवारी डबा घेऊन कामावर जातात. पहिल्या शुक्रवारी मला ते पाप वाटलं, दुसऱ्या शुक्रवारी सोयीचं वाटलं.

नाटक मुलांचं व्हायचं होतं, पण मुलांच्या परीक्षा लागल्या. विषय मात्र मरीनाने आधीच ठरवून टाकला होता. तिच्या पुस्तकात मॅरेथॉनच्या लढाईचा धडा होता. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "मामा, प्लीज, नो किंग्ज धिस टाइम." दरवर्षी राजे, दरबार आणि भाड्याच्या मिशा पाहून ती कंटाळली होती. मलाही पटलं, कारण माझ्या अत्यंत आवडीचा हा विषय. अथेन्सचं सैन्य पगारी नव्हतं. कुंभार, शेतकरी, कोळी, सुतार यांनी सभेत हात वर करून लढायचं ठरवलं, घरून आपापली ढाल आणली, रांगेत उभे राहिले आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या साम्राज्याचं, म्हणजे इराणच्या पर्शियनांचं, सैन्य समुद्रात ढकललं. हे मी वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा ताठ बसतात.

मग ठरलं, मुलं नाहीत तर मोठ्यांनीच करायचं. दहा जण मिळाले. दोन कारकून, एक एसी दुरुस्त करणारा, एक आचारी, एक प्रयोगशाळेतला, बस्त्याव, असे. कोणी सहाला सुटायचा, कोणी सातला यायचा. रोज संध्याकाळी ते डबे आणि युनिफॉर्मसकट गच्चीवर जमायचे. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "अभिनय नको. तुम्ही कामावरून लढायला आलेली माणसं आहात. आहात तसेच उभे राहा."

जिदहफ्स

ढालींसाठी बस्त्यावने मला मनामाच्या पश्चिमेला जिदहफ्सला नेलं. बाजाराच्या मागे लाकडाची वखार आणि तिथे हमीदभाई परकार. दापोलीकडचे, पन्नाशीचे, कानावर पेन्सिल, पापण्यांवर भुसा. मी कागदावर गोल ढाल काढून दाखवली.

"केवढी पायजे ती बोला मास्तर," ते म्हणाले.

"हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत."

"म्हंजे चार मानसांचा जेवनाचा टेबल."

मग मी त्यांना ढालीचं मर्म सांगितलं. ढाल डाव्या हातात असते. ती अर्धी आपल्याला झाकते आणि अर्धी डावीकडच्या माणसाला. आपली उजवी बाजू उघडी राहते, ती उजवीकडच्याने झाकायची. एक जण पळाला की शेजारचा उघडा पडतो. हमीदभाईंनी पेन्सिल कानावरून काढली, परत ठेवली.

"हा काम मी करतंय," ते म्हणाले. "पन मना पन त्या रांगेत उभा करा."

अशा रीतीने दहाचे अकरा झाले.

ढाली मात्र खऱ्याच वजनदार निघाल्या. पहिल्या दिवशी आचाऱ्याने धाव घेतली आणि ढालीसकट पाण्याच्या टाकीवर आपटला. दुसऱ्या दिवशी बस्त्यावचं बोट दोन ढालींत चेमटलं. हमीदभाईंनी सगळ्या ढाली परत नेल्या, आतून लाकूड पोखरून हलक्या केल्या आणि हाताला रुतू नये म्हणून मुठींना जुन्या टायरची पट्टी लावून आणल्या. आठव्या दिवशी अकरा माणसं एका पावलात चालायला लागली. भिंत सरकल्यासारखी. मी टाकीवर उभा राहून ओरडायचो, "एकही रानटी पर्शियन परत जाता कामा नये!" आणि अकरा जण ते खाली गल्लीत ऐकू जाईल असं परत ओरडायचे.

गल्लीत ते ऐकू गेलंच.

भट्टी

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी खबूस आणायला गेलो. हाजींनी पोळी कागदात गुंडाळली आणि माझ्यापुढे ठेवली. महियावा नाही, उस्ताद नाही, काही नाही. ते वळून तंदुरात पाहत राहिले.

वर आलो तर मरीना रडत होती. आदल्या संध्याकाळी ती खाली गेली होती, तेव्हा हाजींनी सहज विचारलं होतं की वर काय चाललंय. पोरीने मोठ्या उत्साहाने नाटकाची वही दाखवली आणि पर्शियन म्हणजे "द बॅड गाइज" असं समजावून सांगितलं. वहीतला "रानटी" शब्द तिने हिंदीत "जंगली" असा करून सांगितला. हाजींनी वही मिटून परत दिली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की हाजींच्या घरात फारसी बोलतात.

"नाटक आहे ते," मी म्हटलं. "अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यात कोणाला वाईट वाटायचं कारण काय? इतिहास आहे तो. मी काय बदलू?"

सिसिल ड्युटीवर निघाली होती. तिने पर्स खाली ठेवली.

"दादा, कुवेतच्या लढाईच्या वेळी सायरन वाजायला लागले तेव्हा मी दोन दिवस हॉस्पिटलात अडकले होते. हा हॉटेलात. सगळे रस्ते बंद. मरीना दहा वर्षांची, घरात एकटी. हाजी तीन मजले चढून आले आणि तिला उचलून खाली घेऊन गेले. त्यांच्या बायकोने तिला दोन दिवस कुशीत झोपवलं. खिडक्यांना चिकटपट्ट्या त्यांनी लावल्या. आम्ही कोण त्यांचे? भाडेकरू." तिने पर्स उचलली. "तू पंधरा दिवसांनी वसईला जाशील. आम्ही इथेच राहणार आहोत."

ती गेली. मुलांना चूक कबूल करायला लावण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. स्वतः करण्याचा सराव नव्हता.

दुपारी भट्टीवर गर्दी नसते. मी खाली गेलो आणि पिठाच्या गोणीवर बसलो. हाजींनी छोट्या काचेच्या पेल्यात काळा चहा ओतून दिला.

"हाजी, मरीना बच्ची है. लिखा मैंने है. गलती मेरी."

"मैं बहारीनी हूँ, उस्ताद," ते म्हणाले. "दादा ईरान के बूशहर से बोट में आया. मेरा बाप इधर पैदा, मैं इधर पैदा. लेकिन माँ ने लोरी फारसी में बोला." त्यांनी हातातला गोळा दाबला. "लढाई में कोई हारेगा. ठीक है. हारा तो हारा. एक बात पूछूँ?"

"पूछो."

"तुम्हारा ग्रीस वाला सबका नाम है. कुम्हार का नाम, किसान का नाम. मरीना ने पढ़ा. फारसी का नाम मफी, नाम ही नहीं. फारसी एक, फारसी दो, फारसी तीन. ये क्या है, जेल?"

वहीत खरंच तसंच होतं.

"और वो जो फौज आया," हाजी पुढे म्हणाले, "सब फारसी था?"

हा प्रश्न परीक्षेतला होता आणि उत्तर मला पाठ होतं. सगळे पर्शियन नव्हते. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातून माणसं आणली होती. मी बोटं मोजत सांगायला लागलो, मिसरवाले, अरब, मीड, बाख्त्रीचे, आणि... आणि माझं बोट हवेतच राहिलं.

"और?"

"और हिंदुस्तानी," मी म्हणालो.

त्या काळच्या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. सुती कपडे घातलेले, बोरूची धनुष्यं आणि लोखंडी टोकांचे बाण घेतलेले हिंदी लोक त्या सैन्यात होते. मॅरेथॉनला नव्हते. दहा वर्षांनी इराणच्या सम्राटाने पुन्हा स्वारी केली, अथेन्स जाळलं, आणि मग प्लॅटियाच्या मैदानावर शेवटची लढाई झाली, तिथे होते. कॉलेजात असल्यापासून मला हे माहीत होतं. पाठ्यपुस्तकात नाही म्हणून सव्वीस वर्षांत एकदाही शिकवलं नव्हतं.

हाजींचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग ते इतके मोठ्याने हसले की समोरचा इस्त्रीवाला दारात आला.

"तो उस्ताद," डोळे पुसत ते म्हणाले, "तुम भी हमारे साथ जंगली था!"

किल्ल्यावर

शुक्रवारी सकाळी हाजी आपला पिकअप घेऊन दारात उभे. "चलो, कुछ दिखाता."

खजुरीच्या बागांमधून रस्ता उत्तरेच्या किनाऱ्याला जातो. तिथे समुद्राला लागून एक मोठा मातीचा उंचवटा आणि त्यावर किल्ला. पाहताक्षणी माझ्या तोंडून "अरे!" निघालं. तेच जाड बुरूज, तोच उतरत्या भिंतींचा कल. पोर्तुगीजांचा हात मी झोपेतही ओळखीन. वसईच्या किल्ल्यात माझं बालपण गेलं आहे. फरक इतकाच की आमच्या भिंतींवर वड-पिंपळ उगवलेत आणि इथल्या भिंती वाळूच्या रंगाच्या, कोरड्या, एक गवताचं पान नसलेल्या.

"पोर्तुगाली को इधर से फारसी लोग ने निकाला," हाजी अभिमानाने म्हणाले.

"हमारे उधर से मराठा लोग ने," मी त्याच अभिमानाने म्हणालो.

हाजींनी माझ्या गळ्यातल्या क्रुसाकडे पाहिलं. "तो तुम किधर का?"

मी हसलो, पण तो प्रश्न पायऱ्या चढताना माझ्याबरोबर चढला. वसईच्या वेढ्याचा धडा शिकवताना मी नेहमी तटावर चढणाऱ्या मराठ्यांबरोबर असतो. माझे पणजे-खापरपणजे त्या वेळी बहुधा तटाच्या आत होते. त्यांना भीती वाटली असेल का, त्यांनी काय खाल्लं असेल, हे मी कधी मनातसुद्धा आणलं नाही.

किल्ल्याच्या पायथ्याशी खणलेल्या चरांमध्ये जुन्या भिंती दिसत होत्या, एकाखाली एक. चौकीदार केरळचा निघाला आणि त्याने हौसेने सगळं दाखवलं. खाली चार हजार वर्षांपूर्वीचं गाव. त्याच्या वर मोठ्या वाड्याच्या जमिनीत पुरलेले कटोरे सापडले, त्यांत वेटोळं घातलेले साप, आणि काहींत सापाबरोबर एक मोती. त्याच्याही वरच्या थरांत ग्रीक धाटणीची नाणी. पर्शियन साम्राज्याची सावली या बेटावर पडली होती असं म्हणतात, आणि पुढे ग्रीक खलाशी आले तेव्हा त्यांनी याला टायलॉस हे नाव दिलं. म्हणजे ज्या दोघांना मी गच्चीवर लढवत होतो ते दोघंही या बेटावर पाऊल ठेवून गेले होते.

समुद्राकडे तोंड करून आम्ही दोघांनी खबूस आणि उकडलेली अंडी खाल्ली. हाजींनी खिशातून बाटली काढली. त्यात महियावा होता. ते भरपूर ओतत असताना मी ठरवून टाकलं.

"हाजी, फारसी सिपाही का नाम क्या रखूँ?"

"बहराम," विचार न करता ते म्हणाले. "और काम? काम मैं बोलता. खब्बाज. रोटी वाला."

पुन्हा गच्ची

नाटकाला आठ दिवस उरलेले असताना मी मॅरेथॉन काढून प्लॅटिया घातलं. अकरा जणांनी मला वेड्यात काढलं. मरीना कपाळावर हात मारून म्हणाली, "बट मामा, एव्हरीवन नोज मॅरेथॉन! नोबडी नोज प्लॅटिया!"

"म्हणूनच," मी म्हटलं.

ग्रीक तसेच राहिले, त्यांचं शौर्य तसंच राहिलं. ते कमी करायचं काहीच कारण नव्हतं. उलट आता ती माणसं स्वतःचं जळलेलं शहर मागे ठेवून आलेली होती, आणि ज्या गावांनी एकमेकांची तोंडं पाहिली नसती ती एका रांगेत उभी होती. पण मधे मी एक नवा प्रवेश लिहिला. प्लॅटियाला दोन्ही सैन्यं कित्येक दिवस समोरासमोर नुसती बसून होती. शकुन चांगले येईनात, म्हणून आधी हल्ला कोणीच करेना. त्या वाट पाहण्यातली एक पहाट. पर्शियन छावणी, बहराम नावाचा रोटीवाला शिपाई रोटी भाजतोय, आणि थंडीने काकडणारा एक हिंदी तिरंदाज शेकोटीपाशी येतो. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही.

बहराम बस्त्यावने करायचा ठरला. हाजी स्वतः गच्चीवर येऊन त्याला खाली वाकून पोळी थापायला शिकवू लागले. "घ्या ना" असं आग्रहाने म्हणायला त्यांनी त्याला "बफर्माईद" हा शब्द दिला. बस्त्यावने तो दोन दिवस घरात इतक्या वेळा घोकला की सिसिलने त्याला भात वाढणं सोडून दिलं.

तिरंदाज कोण, हे विचारल्यावर कोणी पुढे येईना. रांगेत भाला घेऊन उभं राहायला सगळे तयार, हरणाऱ्या बाजूला एकटं कोणाला जायचं नव्हतं. मग हमीदभाईंनी आपली ढाल भिंतीला टेकवली.

"मी करतंय. मना काय बोलायचा हाय त्यात?"

"दोन वाक्यं. आणि मग लढाईत बाण लागून पडायचं."

"चालल." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मास्तर, ह्याला तिथवर चालवत नेला काय वो? हिंदुस्तानातनं?"

"बहुतेक चालतच."

"किती वर्सां?"

ते कोणी लिहून ठेवलेलं नाही, असं मी सांगितलं. त्या संध्याकाळी घरी जाताना बस्त्याव म्हणाला की हमीदभाई चार वर्षं गावाला गेलेले नाहीत. दर वेळी ही साइट संपू दे, ती साइट संपू दे, म्हणून लीव्ह मागायचंच राहून जातं. तेवढ्या काळात त्यांच्या मुलीचं लग्न फोटोत झालं.

ईसा टाउन

हॉल ईसा टाउनमध्ये घेतला होता. शुक्रवारी चार वाजता माणसं यायला लागली. रत्नागिरीची, रायगडची, वसईची, मुंबईची, कोणी साड्या नेसून, कोणी साइटवरून सरळ. हाजी अब्बास पांढराशुभ्र पायघोळ थोब घालून पत्नीसह पुढच्या रांगेत येऊन बसले, तेव्हा सिसिलने माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.

पडद्यामागे मात्र कठीण प्रसंग होता. आचाऱ्याच्या हॉटेलात अचानक मोठी मेजवानी लागली, एका कारकुनाची शिफ्ट बदलली, एसीवाल्याची गाडी भर रस्त्यात बंद पडली. नऊतले तीन ग्रीक कमी. सहा माणसांची रांग म्हणजे पडक्या दातांसारखी दिसते. मी डोकं धरून बसलो. सिसिलने एकदा माझ्याकडे पाहिलं, जाऊन प्रेक्षकांतून दोन नर्स मैत्रिणींना उठवलं आणि तिघींनी साड्यांवरच ढाली चढवल्या.

"सिसिल, ग्रीक सैन्यात बायका नव्हत्या," मी म्हणालो.

"असतील. कोणी लिहून ठेवलं नसेल," ती म्हणाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

मरीना सूत्रधार होती. पहिल्याच वाक्याला ती अडखळली, तिने मला शोधलं, आणि मग मराठीत, स्वच्छ मराठीत, तिने शेवटपर्यंत गोष्ट सांगितली. ग्रीक रांग आत आली तेव्हा हॉलची जमीन थरथरली. नऊ ढाली, एक पाऊल. मी सव्वीस वर्षं जे शब्दांनी दाखवत होतो ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

मग पहाटेचा प्रवेश. बस्त्यावने पोळी थापली, आकड्याने काढली आणि तिरंदाजापुढे धरून म्हणाला, "बफर्माईद." पुढच्या रांगेतून हाजींची पत्नी मोठ्याने काहीतरी फारसीत बोलली आणि तोंडावर हात घेऊन हसली. हमीदभाईंनी पोळी दोन्ही हातांनी घेतली. माझी दोन वाक्यं त्यांनी नीट म्हटली.

लढाई झाली. रांग पुढे सरकली, बहराम पडला. आता हमीदभाईंनी बाण लागून कोसळायचं होतं. ते कोसळले नाहीत. ते रांगेच्या समोर एकटे उभे राहिले. बोरूचं धनुष्य त्यांनी हळूच खाली ठेवलं, जसं रंधा ठेवतात तसं, आणि प्रेक्षकांकडे वळून आपल्या घरच्या बोलीत म्हणाले, "मना घरा जावचा हाय."

हे मी लिहिलेलं नव्हतं. आमच्या वसईच्या घरांतही म्हातारी माणसं "मला" नाही म्हणत, "मना"च म्हणतात. हॉलमध्ये शे-दीडशे माणसं बसली होती आणि त्यांतली बहुतेक कुठून ना कुठून समुद्र ओलांडून आलेली होती. मग मागच्या बाजूने कोणीतरी टाळी वाजवली आणि ती टाळी पावसासारखी पुढे आली. ग्रीकांना पुढे काय करावं ते सुचेना. शेवटी सिसिलने रांगेतून बाहेर येऊन आपली ढाल हमीदभाईंच्या उजव्या बाजूला धरली आणि त्यांना चालवत पडद्याआड नेलं. मरीनाने शेवटचं निवेदन कसंबसं केलं. प्लॅटिया ग्रीकांनी जिंकलं, हे त्यात होतंच.

बाहेर आल्यावर हाजींनी मला मिठी मारली.

निघण्याआधी

रविवारी सकाळी मी भट्टीवर गेलो. दुपारचं विमान होतं. रांगेत माझ्या पुढे हमीदभाई उभे होते, कामावर निघालेले, डबा हातात. जिदहफ्सहून वाकडी वाट करून ते खबूस न्यायला आले होते, किंवा तसं म्हणत तरी होते.

हाजींनी माझी पोळी काढली, तिच्यावर सढळ हाताने बाटली रिकामी केली, आणि मग आकडा हातात तसाच धरून विचारलं, "उस्ताद, शुक्रवार से सोच रहा हूँ. वो तीर वाला आदमी... घर पहुँचा?"

इतिहासाला हे माहीत नाही, असं मी सांगणार होतो. ते माझं नेहमीचं उत्तर आहे आणि ते खरंही आहे.

पण हमीदभाई माझ्याआधी बोलले. "फेब्रुवारी में पहुँचेगा, हाजी. कल सुबह अर्जी दिया, शाम को लीव्ह मिल गया."